रूळ उखडले, वाट उरली

एखाद्या मालमत्तेची किंमत हिशेबाच्या वहीत शून्य झाली की तिचा उपयोगही संपला, असे मानण्याची व्यवहारात रीत आहे. फ्रान्सच्या डोंगराळ भागातील जुन्या रेल्वेमार्गांची कथा या समजुतीला छेद देणारी आहे. गेल्या शतकात तोट्यामुळे ज्या आगगाड्या बंद झाल्या, त्यांपैकी अनेकींच्या मार्गावर आज मुरूम आणि बारीक खडी दाबून तयार केलेल्या सायकलवाटा आहेत. त्या दाट झाडीतून जातात आणि मोटारींना तेथे मज्जाव आहे. युरोपात स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणाऱ्या वाचकांनी पॅरिसच्या पलीकडचा हा फ्रान्सही जाणून घ्यावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

इ. स. 1879 च्या सुमारास फ्रान्सचे तत्कालीन सार्वजनिक बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी रेल्वेचे जाळे लहान गावांपर्यंत नेण्याची विशाल योजना मांडली. त्या काळातील उत्साहात, जेथे प्रवासी थोडे आणि डोंगर फार, अशा ठिकाणीही रूळ टाकले गेले. आग्नेय फ्रान्समधील आर्देश जिल्हा हे त्याचे ठळक उदाहरण होय. ऱ्होन नदीकाठच्या ला वूल्त गावापासून एरियू नदीच्या खोऱ्यातून ल शेलार या गावापर्यंत 1891 मध्ये गाडी धावू लागली. पुढे हा मार्ग सेंत-आग्रेव्हच्या पठारावर चढला. रुळांची रुंदी एक मीटर, म्हणजे आपल्या जुन्या मीटरगेजइतकीच होती. या खोऱ्यातील चेस्टनट, पीच, लाकूड आणि नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरण्यांतून पीळ दिलेले रेशीम या गाडीने बाजारात जात असे. पुढे मालमोटारी आणि बसगाड्या आल्या, उत्पन्न आटले आणि 1968 च्या ऑक्टोबरअखेर ही सेवा थांबली.

गाडी गेली, पण तिच्यासाठी केलेले काम मागे राहिले. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे. म्हणून अभियंत्यांनी डोंगर कापले, दऱ्यांवर कमानींचे पूल बांधले, बोगदे खोदले आणि वाट वळणावळणाने वर नेली. इंजिनाची ती अडचण आज सायकलस्वाराच्या पथ्यावर पडली आहे. ला वूल्त समुद्रसपाटीपासून सुमारे शंभर मीटर उंचीवर, ल शेलार सव्वाचारशे मीटरच्या आसपास, तर सेंत-आग्रेव्ह हजार मीटरहून थोडे वर आहे. पहिल्या पन्नासेक किलोमीटरांत चढ सरासरी शंभरास एकाहूनही कमी पडतो आणि त्यापुढच्या टप्प्यातही तो अडीचच्या आसपासच राहतो. म्हणून साठी ओलांडलेले आजोबा आणि दहा वर्षांची नात एकाच वेगाने, शेजारी शेजारी सायकल चालवत हा डोंगर चढू शकतात. लामास्त्र गावाकडे जाणारा फाटा धरून सुमारे 90 किलोमीटरच्या या वाटेला आज ‘दोल्चे व्हिया’ असे नाव आहे. इटालियन भाषेत त्याचा अर्थ ‘मधुर वाट’.

अशा वाटांना फ्रेंचमध्ये ‘व्हुआ व्हेर्त’ म्हणजे हरितमार्ग म्हणतात. बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्लूनी हा पहिला हरितमार्ग जुन्या रेल्वेमार्गावरच 1997 मध्ये खुला झाला. 2004 मध्ये वाहतूक नियमांत या संज्ञेची व्याख्या करून हे मार्ग इंजिनविरहित वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखून ठेवण्यात आले. त्याच बर्गंडीत क्लूनीच्या दक्षिणेला ब्वा-क्लेर नावाचा 1.6 किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. हिवाळ्यात तेथे वटवाघळे शीतनिद्रा घेतात. त्यांना त्रास होऊ नये म्हणून ते महिने बोगद्याचे दार बंद ठेवले जाते आणि सायकलस्वार खिंडीवरून वळसा घालून जातात. माणसाने मुक्या जिवांसाठी हिवाळ्यात वाट बदलावी, ही गोष्ट आपल्या वाचकांना निश्चितच आवडेल.

बर्गंडीतील तो पहिला मार्ग डांबरी आहे. डोंगराळ भागात मात्र अनेक ठिकाणी खडी-मुरमाचा पृष्ठभाग पसंत केला गेला. तो झाडीत शोभतो आणि पावसाचे पाणी मुरू देतो. त्याची उणीव अशी की शरद ऋतूतील मुसळधार सरींनी तो वाहून जातो आणि त्याची वारंवार डागडुजी करावी लागते. दक्षिणेकडील ‘पासा पाई’ हा मार्गही याच जातीचा. बेदारिय ते माझामे असा सुमारे पाऊणशे किलोमीटरचा हा प्रवास ओ-लांगदोक निसर्ग उद्यानातून होतो. ओलार्गचे मध्ययुगीन खेडे, चेरीच्या बागा, चेस्टनटची वने असा त्याचा थाट आहे. वाटेत एक जलविभाजक लागतो. त्याच्या एका बाजूचे पाणी भूमध्य समुद्राला, तर दुसऱ्या बाजूचे अटलांटिक महासागराला मिळते.

रेल्वेच्या वाटांखेरीज वनातील लाकूड वाहण्यासाठी केलेले कच्चे रस्तेही पुष्कळ आहेत. युरोपीय फ्रान्सचा तीस टक्क्यांहून अधिक भाग वनाच्छादित असून त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश वने खासगी मालकीची आहेत. 1991 च्या एका कायद्याने सार्वजनिक रस्ते सोडून निसर्गक्षेत्रात मोटारवाहने नेण्यास बंदी केली, त्यामुळे वनवाटांवर शांतता टिकून आहे. मात्र येथे चढ सौम्य असेलच असे नाही. शिवाय सप्टेंबर ते फेब्रुवारी हा शिकारीचा हंगाम असतो. ‘शिकार चालू आहे’ अशी पाटी दिसल्यास मुकाट्याने मागे फिरावे आणि अंगावर भडक रंगाचे कपडे असावेत.

आर्देशच्या उत्तरेला असलेल्या सेंत-एतिएन शहरातील एका व्यापाऱ्याचे स्मरण येथे उचित ठरेल. पॉल द व्हिव्ही (1853–1930) हे रेशमाचे व्यापारी. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने त्यांनी सायकल-पर्यटनाला वाहिलेले मासिक चालवले आणि डोंगर चढण्यासाठी सायकलला एकाहून अधिक गिअर हवेत, हा आग्रह आयुष्यभर धरला. साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला ‘तूर द फ्रान्स’ स्पर्धेने 1937 मध्ये परवानगी दिली, तेव्हा ते हयात नव्हते. ते शाकाहारी होते. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, प्रवासात मद्य, मांस आणि तंबाखू वर्ज्य करावे, केवळ मिरवण्यासाठी सायकल हाणू नये, असे त्यांचे सांगणे असे. रस्त्यावरील रहदारीत ट्रामचा धक्का लागून त्यांचा अंत झाला. ज्या वाटेवर सायकलस्वाराला मागे वळून पाहावे लागत नाही, तिचे मोल या मृत्यूने अधिक जाणवते.

या साऱ्यात अर्थशास्त्राचाही एक धडा आहे. रेल्वेची जमीन म्हणजे काही मीटर रुंदीची लांबच लांब पट्टी. तुकड्याने विकायला काढली तर तिला भाव तो किती येणार? शेजारच्या शेतकऱ्याने शेताला जोडावी, कोणी अंगण वाढवावे, इतकेच. फ्रान्समध्ये अनेक मार्गांची अशी विक्री झालीही. तेथे आज सायकलस्वाराला मध्येच मोटारींच्या रस्त्यावर उतरावे लागते. लहान मुलांना घेऊन निघालेले कुटुंब अशा वाटेला जातच नाही. ज्या स्थानिक संस्थांनी पट्टी सलग राखली, त्यांच्या खेड्यांतील उपाहारगृहे, मुक्कामाची घरे आणि सायकली भाड्याने देणारी दुकाने यांना गिऱ्हाईक मिळाले. या मालमत्तेची खरी किंमत तिच्या सलगपणात होती आणि विकलेला तुकडा परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते. वाटण्या करताना घराघरांत हा विचार व्हावा, इतका तो साधा आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम, कारण जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेत ऊन फार असते. दोल्चे व्हियासाठी ऱ्होनपलीकडील लिव्ह्रों हे रेल्वेस्थानक सोयीचे आहे. प्रादेशिक गाड्यांतून बहुधा सायकल नेता येते, तरी नियम आधी पाहावेत. चार सेंटिमीटरच्या आसपास रुंदीचे टायर पुरेत. विजेची साहाय्यक मोटार असलेली सायकल वडीलधाऱ्यांना बरी. बोगद्यांसाठी दिवा हवा. खेड्यांतील दुकाने दुपारी बंद असतात आणि शाकाहारी जेवण सर्वत्र मिळत नाही, म्हणून खाकरा, दशम्या, सुका मेवा जवळ असू द्यावा. बाजारच्या दिवशी मिळणारी ताजी फळे आणि शरदात भाजलेले चेस्टनट मात्र अवश्य चाखावेत. ज्या मालासाठी ही गाडी एकेकाळी डोंगर चढत होती, त्यातलाच तो एक आहे.