लुई कान यांच्या कागदांतले अहमदाबाद

अमेरिकी वास्तुरचनाकार लुई कान 1974च्या मार्चमध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात निवर्तले, तेव्हा त्यांचे कार्यालय कर्जात बुडालेले होते. कागदपत्रे विखुरली जाऊ नयेत म्हणून पेनसिल्व्हेनिया राज्याने ती विकत घेतली आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अभिलेखागारात, म्हणजे मूळ दस्तऐवज जतन करणाऱ्या विभागात, ठेवली. कान यांच्या हातची सहा हजारांहून अधिक रेखाटने तेथे आहेत. 1962 मध्ये हाती घेतलेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचा प्रकल्पही या संग्रहात असून, पिवळ्या ट्रेसिंग कागदावर कोळशाने रेखाटण्याच्या त्यांच्या पद्धतीत जुन्या आराखड्यावर नवा कागद पसरून फेरविचार होई. पूर्ण झालेल्या इमारतीच्या देखण्या छायाचित्रात हा विचारप्रवास मुळीच दिसत नाही. या संस्थेच्या इमारतींतली विटांची सपाट कमान दोन्ही बाजूंना बाहेर रेटा देते, आणि तो अडवण्यासाठी कान यांनी कमानीच्या दोन्ही टोकांना जोडणारी काँक्रीटची आडवी पट्टी, म्हणजेच ताण-तुळई, योजली. ही तुळई त्यांनी गिलाव्याखाली लपवली नाही, हे विशेष. त्यांच्या पश्चात संकुलाचे काम मुंबईत जन्मलेल्या अनंत राजे यांनी पुढे नेले आणि तेथील व्यवस्थापन विकास केंद्राची इमारत स्वतः रचली.