बार्ड खेळायचाय? मग आधी झील धरायला शिका

लालबागहून बोलतोय, त्यामुळे मधेच एखादा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. जे हा भाग ऐकण्याऐवजी वाचतायत ते सुटले.

तर प्रश्न असा आलाय : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये मी बार्ड घेतला. पण लढाई सुरू झाली की मी करायचं काय?’ फायटर तलवार चालवतो, विझार्ड आगीचा गोळा फेकतो आणि आपण कोपऱ्यात ल्यूट वाजवत उभे. टेबलावर सगळे हसतात, मग आपणही हसतो. तीन सेशन झाले की माणूस कॅरेक्टर बदलतो.

कधीच न खेळलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण एकेक पात्र घेतात, डीएम गोष्ट चालवतो, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. बार्ड म्हणजे शब्दांतून आणि सुरांतून जादू करणारा.

माझ्या मते आपला घोळ त्या ल्यूटमुळे होतो. ल्यूट आणि पिसाची टोपी काढा, हातात डफ द्या, मग बघा. हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. आज जिथे टॉवर दिसतात तिथे तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजायचे, आणि पाळीवरून सुटलेला कामगार पोवाडा ऐकायला थांबायचा. अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची. पण त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पवाडा लिहिला. रशिया त्यांनी प्रत्यक्ष पाहिला तो १९६१ मध्ये, खूप नंतर. म्हणजे न पाहिलेली लढाई त्यांनी इथल्या कामगाराच्या डोळ्यांपुढे उभी केली. बार्ड याहून वेगळं काय करतो?

आता शाहिराच्या मागे बघा. तिथे झीलकरी उभे असतात. शाहीर ओळ संपवतो, हे ती उचलतात, ‘जी जी रं जी’ करत वर नेतात, आणि तेवढ्यात शाहिराला श्वास मिळतो. माझे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते आणि संध्याकाळी कलापथकात झील धरायचे. हँडबिलावर शाहिराचं नाव, यांचं कुठेच नाही. पण झील पडली की शाहीरही पडतो, हे मी त्यांच्याकडून लहानपणापासून ऐकलंय.

आणि गंमत म्हणजे गेमचा नियम अगदी हेच सांगतो. बार्डिक इन्स्पिरेशन स्वतःला देता येत नाही! बोनस ॲक्शन वापरून साठ फुटांच्या आतल्या, तुमचा आवाज ऐकू येणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी तुम्ही सहा बाजूंचा एक फासा देता. २०१४ च्या नियमांत तो फासा दहा मिनिटं टिकतो, आणि वीसचा फासा पडलेला बघून, पण डीएमने निकाल सांगायच्या आत, तो वापरायचा की नाही ते ठरवता येतं. थोडक्यात, तुम्ही झीलकरी आहात. ओळ दुसऱ्याची, ती वर न्यायची तुम्ही.

पण ‘मी हिला इन्स्पिरेशन देतो’ एवढं बोलून सोडू नका. हे म्हणजे हजेरी घेणं झालं. पोवाड्यात काय असतं? नाव असतं, आधी केलेला पराक्रम असतो, आणि समोरचा प्रसंग असतो. एवढ्या तीन गोष्टी वीस सेकंदांत बोला. गायची गरज नाही. शाहीरसुद्धा मधेमधे गाणं थांबवून साध्या गद्यात गोष्ट पुढे नेतो.

आमच्या टेबलावर एक मैत्रीण रोग खेळते. फार कमी बोलते. तिची पाळी आली की ‘मी मागे थांबते’ हे ठरलेलं. एकदा तुटका पूल ओलांडून पलीकडच्या कैद्याला आणायचं होतं. बाकी सगळे जखमी होते आणि वेळ नव्हता. मी तिच्या पात्राचं नाव घेतलं आणि म्हटलं, ‘दोन रात्रींपूर्वी किल्ल्याच्या भिंतीवरून तू उतरलीस, तेव्हा पहारेकऱ्याच्या कंदिलाची ज्योतसुद्धा हलली नव्हती. हा पूल त्या भिंतीपेक्षा सोपा आहे.’ ती म्हणाली, ‘जाते.’ फाशावर नऊ, तिचे चार, एकूण तेरा. लागणार होते पंधरा. इन्स्पिरेशनच्या फाशावर तीन आले. त्या दिवसानंतर ती मागे थांबते असं म्हणत नाही. बरं, ते भिंतीचं मला आठवलं कसं? मी फोनवर नोट ठेवतो. प्रत्येक सेशनला प्रत्येकाने केलेली एक गोष्ट, एका ओळीत. बार्डची खरी तयारी एवढीच.

हीलिंग वर्डसुद्धा बोनस ॲक्शन आहे, म्हणून एकाच पाळीत दोन्ही जमत नाही. कुणी बेशुद्ध पडलं असेल तर आधी हीलिंग वर्ड, कौतुक नंतर.

व्हिशस मॉकरीबद्दल मात्र जरा बोलायचंय. शत्रूला टोमणा मारायचा. विज्डम सेव्ह फसला तर त्याला इजा होते, आणि त्याचा पुढचा हल्लाही डळमळतो. कलगी-तुऱ्यात समोरच्या फडाला सवाल टाकून कोंडीत पकडतात, तो बाज इथे आणा. त्या शत्रूचं नेमकं काय बिनसलंय ते शोधा. अण्णा भाऊंच्या एका लोकनाट्याचं नावच ‘पुढारी मिळाला’ आहे. टोपी कुणाची उडवायची हे त्यांना पक्कं माहीत होतं. टेबलावरच्या मित्राचं वजन, रंग, बोलण्याची ढब यावर टोमणा मारून हशा मिळतो, पण तो मित्र पुढच्या रविवारी येत नाही. मी असं टेबल मोडताना पाहिलंय.

आणि मन वळवायचं असेल तर ‘मी पर्स्वेजन रोल करतो’ म्हणू नका. संयुक्त महाराष्ट्राच्या काळातली ‘माझी मैना’ ही छक्कड आठवा. सुरुवात गावी राहिलेल्या बायकोच्या विरहाने होते, आणि तोच विरह मग बेळगाव-कारवारपर्यंत जातो. ऐकणाऱ्याच्या घरातून निघून चळवळीत. तुमच्या गेममधल्या दरवानाला राज्याचं भवितव्य सांगत बसू नका. रात्रपाळी किती दिवस चाललीय ते विचारा, घरी कोण आहे ते विचारा, मग दार मागा.

शेवटचं, फासे साठवून ठेवू नका. ड्रॅगन येईल तेव्हा बघू म्हणत बरेच बार्ड सेशनभर मुठीत धरून बसतात, आणि ड्रॅगन येतो पुढच्या महिन्यात. लाँग रेस्टनंतर ते परत मिळतात, पाचव्या लेव्हलपासून तर शॉर्ट रेस्टनंतरही. पहिल्या लढाईतच एक देऊन टाका, शक्यतो सगळ्यात कमी बोलणाऱ्याला.

गणपतीत आमचं टेबल बंद असतं, कारण त्या दिवसांत भारतमाता सिनेमापासून आमच्या बिल्डिंगपर्यंत पोचणं हीच एक क्वेस्ट असते. भेटू अनंत चतुर्दशीनंतर.