मोठी बॅटरी भरलेली, गाडी मात्र मेलेली

दिवाळीला आमच्या वरच्या मजल्यावरचे काका वीस दिवस गावी जाऊन आले. जाण्याआधी त्यांनी इलेक्ट्रिक गाडी पूर्ण चार्ज केली, पुसली, वर कव्हर घातलं आणि पार्किंगमध्ये लावली. परत आल्यावर किल्लीचं बटण दाबलं तर गाडी ढिम्म. दिवे नाहीत, कुलूप उघडत नाही. किल्लीच्या पोटात लपवलेली पोलादी किल्ली काढून दार उघडावं लागलं. "अरे, तीस युनिटची बॅटरी आहे हिच्यात, आणि ती भरलेली आहे!" काका जिन्यात भेटेल त्याला सांगत होते. शेवटी नाक्यावरच्या गॅरेजमधला पोरगा स्कूटरवर आला. पायाशी साधी बारा व्होल्टची बॅटरी, खांद्यावर जंपर केबल. दोन मिनिटांत गाडी जागी झाली.

इलेक्ट्रिक गाडीत बॅटऱ्या दोन असतात. खाली पसरलेली तीनशे-चारशे व्होल्टची मोठी बॅटरी फक्त मोटर, एसी अशा दांडग्या कामांसाठी. गाडी बंद झाली की सुरक्षेसाठी तिचं कनेक्शन आपोआप तुटतं. ते पुन्हा जोडायचं काम ज्या रिलेंचं, त्या रिले, दारांची कुलपं आणि गाडीचा सगळा संगणक चालतो तो बॉनेटखालच्या छोट्या बॅटरीवर. ती उतरली की मोठ्या बॅटरीत तीस युनिट असोत की साठ, त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ताच बंद. गाडी झोपलेली असतानाही आतलं सिमकार्ड, अलार्म, किल्लीचा शोध घेणारा अँटेना हे थोडी थोडी वीज खात राहतात. काही गाड्या मधूनमधून मोठ्या बॅटरीतून छोटीला घोटभर पाजतात, काही नाही. आपली कुठल्या जातीची, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत असतं, आणि ती पुस्तिका बहुतेकांच्या घरी अजून प्लॅस्टिकमध्येच असते.

आणखी एक गोम आहे. पेट्रोल गाडीची बॅटरी म्हातारी झाली की सकाळी स्टार्टर कण्हतो. महिनाभर आधी इशारा मिळतो. इलेक्ट्रिक गाडीत स्टार्टरच नाही, त्यामुळे कण्हायला कोणी नाही. आज ठणठणीत, उद्या गप्प. म्हणून तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक सर्व्हिसिंगला ही छोटी बॅटरी तपासून घ्यावी. आणि शेजाऱ्याची डिझेल गाडी उठवायला आपल्या इलेक्ट्रिक गाडीतून केबल देऊ नये. डिझेलचा स्टार्टर एका झटक्यात शेकडो अँपिअर ओढतो, ते या छोटीच्या आवाक्यातलं काम नव्हे.

'इलेक्ट्रिक गाडीला मेन्टेनन्स नाही' असं शोरूममध्ये ऐकवतात. ऑइल, स्पार्क प्लग, क्लच प्लेट, सायलेन्सर गेले, हे खरंच. पण उरलेली देखभाल मेकॅनिकच्या हातून निसटून मालकाच्या सवयींत येऊन बसली आहे. गाडी रात्री कुठे उभी करता, किती टक्क्यांवर सोडता, घाट कसा उतरता, यावर तिचं आयुष्य ठरतं.

मोठ्या बॅटरीबद्दल सगळ्यात जास्त फिरणारा सल्ला म्हणजे 'ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज करू नका'. हा सल्ला खरा आहे, पण सगळ्यांसाठी नाही. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडमधून दुसऱ्यात ये-जा करतात. या जाण्यायेण्यात ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर एक पातळ थर साचत जातो आणि थोडंथोडं लिथियम कायमचं अडकवून टाकतो. उष्णता वाढली की हा थर भराभर वाढतो, आणि सेल भरलेला असेल तर आणखी. निकेल-मँगनीज-कोबाल्ट रसायनाचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टच्या आसपास ताणलेला असतो. त्याला रोज शंभर टक्क्यांवर ठेवणं म्हणजे रबरबँड ताणून खिळ्याला अडकवून ठेवणं. त्याच्यासाठी ऐंशीची मर्यादा योग्यच.

पण भारतात आता अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत लिथियम-लोह-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी येते. तिचा जन्म टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत झाला. १९९७च्या शोधनिबंधावर त्यांच्याबरोबर अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंदस्वामी ही दोन नावं आहेत. गुडइनफ यांना २०१९ साली, ९७व्या वर्षी, लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एलएफपी सेलचं व्होल्टेज जेमतेम ३.२. वजनाच्या मानाने वीज कमी मावते, पण ती थंड डोक्याची असते आणि जास्त वर्षं टिकते. तिची खोड वेगळीच आहे.

घरातला गॅस सिलिंडर आठवा. अर्धा संपला तरी शेगडीची ज्योत तेवढीच, पाव उरला तरी तेवढीच. आत द्रव आहे तोवर दाब जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे ज्योतीवरून किती उरला हे सांगता येत नाही. एलएफपीचं व्होल्टेज असंच वागतं. वीस टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत ते फारसं हलत नाही. मग गाडीचा संगणक काय करतो? किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखा हिशेब ठेवतो, किती आत आली आणि किती बाहेर गेली. रोजच्या नोंदीत थोडी चूक राहतेच, ती साचत जाते, आणि पडद्यावर अठरा टक्के दिसत असताना गाडी अचानक आठवर येते. पूर्ण चार्ज केलं की टोकाला व्होल्टेज झपकन वर चढतं आणि हिशेब पुन्हा शून्यापासून बरोबर होतो. म्हणून एलएफपीवाल्या गाड्यांना कंपन्या ठरावीक दिवसांनी शंभर टक्के चार्ज करायला सांगतात. काहींची शिफारस आठवड्यातून एकदा अशी असते. आपल्या गाडीत कोणतं रसायन आहे हे विचारून घ्या. विक्रेत्याला ठाऊक नसेल तर सर्व्हिस सेंटरला विचारा.

अर्थात एलएफपी असली तरी ती शंभरवर भरून वीस दिवस सोडून जायची नसते. काकांची तीही एक चूक. लांब जायचं असेल तर पन्नासच्या आसपास ठेवून जावं. पाच टक्क्यांवर सोडून जाणंही तितकंच वाईट.

उष्णतेचा धडा जगाला अमेरिकेतल्या ॲरिझोनाने दिला. निसान लीफ ही गाडी २०१०च्या अखेरीला बाजारात आली. तिच्या बॅटरीला पाण्याने थंड करायची सोय नव्हती. २०१२च्या उन्हाळ्यात फिनिक्सच्या वाळवंटी उन्हात मालकांच्या लक्षात आलं की डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या रेघा अपेक्षेपेक्षा फार लवकर गळताहेत. पुढे कंपनीला बॅटरीच्या क्षमतेवरही वॉरंटी द्यावी लागली. रसायनशास्त्रात ढोबळ ठोकताळा आहे की तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात उभी राहणारी गाडी आणि महाबळेश्वरला सावलीत उभी राहणारी गाडी एकाच वर्षाच्या असल्या तरी सारख्या वयाच्या राहत नाहीत. आज इथे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीभोवती कूलंट फिरतो. चार्जिंग संपल्यावरही गाडीतून घुर्र आवाज येत राहिला तर तो पंखा आपलं काम करतोय, सोसायटीच्या वॉचमनला तसं सांगून ठेवा. हा कूलंट कमी झाला तर नाक्यावरचा हिरवा कूलंट किंवा नळाचं पाणी मात्र ओतू नका. अनेक गाड्यांना वीज कमी वाहून नेणारा खास कूलंट लागतो.

चार्जर गाडीबरोबर येतो, पण भिंतीतला सॉकेट आपला असतो. गीझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी मात्र त्याच सॉकेटवरून चौदा अँपिअर आठ-नऊ तास ओढते. सॉकेटमागचा एखादा स्क्रू सैल असेल आणि तिथे ०.२ ओहम इतकाच विरोध तयार झाला, तर चौदाचा वर्ग गुणिले ०.२, म्हणजे ३९ वॅट उष्णता एका मण्याएवढ्या जागेत, रात्रभर. रेडिओ दुरुस्तीवाला सोल्डरिंग करतो ते साधारण तेवढ्याच उष्णतेवर. म्हणून मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर घ्यावा. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. चार्जरवर अर्थिंगचा लाल दिवा लागला की काही वायरमन न्यूट्रलची वायर अर्थिंगला जोडून तो 'घालवतात'. दिवा जातो, धोका वाढतो. न्यूट्रल कुठे तुटली तर गाडीचा पत्राच जिवंत होतो.

आता घाट. गाडीत माणसं धरून १६०० किलो वजन आहे आणि खंडाळ्याहून खोपोलीकडे ५०० मीटर उतरायचं आहे असं समजा. वजन गुणिले उंची गुणिले गुरुत्वाकर्षण, सुमारे ७८ लाख जूल. विजेच्या बिलाच्या भाषेत दोन युनिटांहून थोडं जास्त. साध्या गाडीत ही सगळी ऊर्जा वाया जाते, बरीचशी ब्रेक तापवून. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीत मोटर उलट जनरेटर होते आणि यातला चांगला हिस्सा बॅटरीत परत जातो. पण लोणावळ्याच्या हॉटेलात रात्रभर शंभर टक्के चार्ज करून सकाळी घाट उतरायला लागलात तर ही वीज ठेवायला जागाच नसते. मोटरचा ब्रेक लागत नाही, पायाखाली गाडी अनोळखी वाटते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी ऐंशीवरच थांबावं, तिथे रसायन कुठलंही असो.

उलट सपाटीवर चालणाऱ्या गाड्यांत वेग बहुतेकदा मोटरच कमी करते, त्यामुळे ब्रेक कामाअभावी बिघडतात. डिस्क घासली जात नाही म्हणून गंजते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात, खाऱ्या हवेत फारच. कॅलिपरच्या पिना जाम होतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, रिजन, म्हणजे मोटरचा ब्रेक, कमी करून चार-पाचदा दाबून ब्रेक मारावेत. वर्षातून एकदा पिनांना ग्रीस. ब्रेक फ्लुइड ओलावा शोषतं, तेही मुदतीत बदलावं, गाडी विजेची आहे म्हणून त्याला सूट नाही.

टायर लवकर झिजतात, कारण गाडी जड आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण. हवा दर पंधरवड्याला पाहा. रेंजबद्दल एवढंच की जाहिरातीतला आकडा चाचणीच्या रोलरवर, ठरलेल्या वेगात मिळालेला असतो. पुणेकर ज्या टेकडीला एआरएआय टेकडी म्हणतात, तिथल्या संस्थेत अशा चाचण्या होतात. आपण चालवतो एक्स्प्रेसवेवर. ताशी ८० वरून १०० वर गेलं की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो.

हायब्रिडवाल्यांना यातलं बरंचसं करावं लागत नाही. १९९७ साली जपानमध्ये टोयोटा प्रियस आली तेव्हापासूनची युक्ती हीच आहे की बॅटरी लहान, एक-दीड युनिटची, आणि ती फार भरू किंवा फार उतरू द्यायची नाही. ते गाडीच सांभाळते. मालकाला एकच गोष्ट पाहायची असते, आणि नेमकी तीच पाहिली जात नाही. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी केबिनमधली गार हवा ओढून थंड होते. सीटच्या खाली किंवा बाजूला जाळीचं एक छोटं तोंड असतं. त्यावर कोणी पिशवी ठेवतं, कोणी गोधडी टाकतं, घरात कुत्रा असेल तर त्याचे केस आत जातात. पंख्याचा फिल्टर तुंबतो, बॅटरी तापते आणि लाखाच्या घरातलं बिल येतं. काम मात्र फिल्टर काढून झटकण्याचं. इंजिन कमी चालतं म्हणून ऑइल लांबणीवर टाकू नये. ते सारखं चालू-बंद होतं, नीट तापत नाही आणि ऑइलमध्ये ओलावा राहतो.

पावसाचं वेगळं सांगायला हवं. बॅटरीवर आयपी६७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ही चाचणी नव्या, न ठेचलेल्या पेटीची असते. स्पीडब्रेकरवर पोट घासलेल्या गाडीची नव्हे. चिपळूणला २०२१ साली आला तसा पूर आला आणि गाडी तासन्तास पाण्यात राहिली, तर पाणी ओसरल्यावर ती चालू करून पाहायची नाही आणि चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही. २०२२मध्ये फ्लोरिडात इयन चक्रीवादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी पाणी उतरल्यावर काही दिवसांनी पेट घेतला. मीठ आत राहतं आणि सेलच्या टोकांमध्ये वीज वाहू लागते. अशी गाडी घरापासून, इतर गाड्यांपासून दूर उघड्यावर ठेवावी. केशरी केबलला कोणालाही हात लावू देऊ नये. टोइंगवाल्याने दोरी काढली तर त्याला थांबवायचं. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते, त्यामुळे गाडी उचलून फ्लॅटबेडवरच न्यायची.

जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायला गेलात तर किलोमीटरच्या आकड्याकडे पाहण्याआधी बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अहवाल मागा, तो सर्व्हिस सेंटर काढून देतं. वॉरंटी बहुतेक कंपन्यांची आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची असते. ती नव्या मालकाच्या नावावर होते का ते पाहा. मग चाकाच्या फटीतून मागच्या डिस्कवर टॉर्च मारा. आणि मालकाशी चहा घेताना सहज विचारा, रात्री किती टक्क्यांवर सोडता आणि गावी जाताना किती? आमच्या काकांना हा प्रश्न विचारलात तर ते हल्ली "पन्नास" म्हणतात, आणि लगेच छोट्या बॅटरीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतात.