उन्हाच्या पेटीत वरणभात

मैत्रिणींनो, थंड मुलखात घराला लागून छोटं काचघर उभारतात. दिवसा ऊन आत येतं, पाण्याच्या पिंपांत नि दगडांत त्याची ऊब साठते आणि रात्री रोपांना मिळते. आपल्या खोपटला असं काचघर बांधलं, तर एप्रिलात मिरचीची रोपं आतच उकडून निघतील! पण काचेची हीच करामत वरणभातासाठी वापरली तर? सिलिंडर तेवढाच जास्त दिवस पुरेल.

कल्पना काही नवी नव्हे. विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्यानं मुंबईत सूर्यचूल करून १८७८ साली त्यावर पुस्तक काढलं. जानेवारीतसुद्धा सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजलं, असं त्यात नमूद आहे.

आधी जागा पाहा. शेजारच्या उंच इमारतींची सावली कुठे पडते, ते दहा, बारा नि दोन वाजता गच्चीत जाऊन बघा. सलग चार तास ऊन मिळत नसेल, तर या खर्चात पडूच नका.

ऊन असेल तर दोन पेट्या करून घ्या: बाहेरची लाकडी, आतली पत्र्याची. मधल्या दोन इंचांत कोरडा लाकडाचा भुसा ठासून भरा. थर्मोकोल नको, तो उष्णतेनं वितळतो. आतून बिनचमकीचा काळा रंग द्या. वर दुहेरी काचेचं झाकण आणि त्याच्या मागच्या कडेला बिजागरीनं बसवलेला आरसा. रंगाचा वास जाईपर्यंत रिकामी पेटी दोन-तीन दिवस तापू द्या.

डबे पसरट, झाकणाचे नि बाहेरून काळे हवेत. सकाळी दहाला तांदूळ आणि भिजवलेली डाळ लावा. कडक उन्हात भाताला दोन तास, डाळीला तीन तास धरा. अधूनमधून पेटी सूर्याकडे वळवा, पण झाकण सारखं उघडू नका. डबे काढताना फडकं घ्याच, आत चांगलंच तापलेलं असतं.

पोळ्या नि फोडणी मात्र गॅसवरच हं! राजमा आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळून घ्या. मध्येच आभाळ आलं, तर अर्धकच्चं अन्न कोमट ठेवू नका, लगेच गॅसवर शिजवून टाका.

पावसाळ्यात पेटी कोरड्या जागी झाकून ठेवा. दसऱ्यानंतर आभाळ मोकळं झालं, की पुन्हा गच्चीत काढा.