सागवानी होडी आणि तेलाचा हात

होडीच्या बांधणीत सागवानाला मान मिळाला तो त्याच्या अंगी मुरलेल्या तेलकट द्रव्यांमुळे. ही द्रव्ये पाण्याला आणि वाळवीला रोखतात, परंतु वरून दिलेले वार्निशही ती सहजी धरू देत नाहीत. वार्निश, म्हणजे राळ आणि सुकणारे तेल यांचे पारदर्शक रोगण, हवेतील प्राणवायूच्या योगाने घट्ट होते आणि सागातील काही द्रव्ये नेमकी हीच क्रिया मंदावतात. म्हणून कारागीर फळी घासून ॲसिटोनने, म्हणजे झपाट्याने उडून जाणाऱ्या द्रावकाने, पुसतो आणि आतले तेल पुन्हा वर येण्याआधी पहिला हात मारतो.

अनेक हातांनी येणारी झळाळी मोहक असली, तरी उन्हातील अतिनील किरणांनी तिचा पापुद्रा ठिसूळ होतो, खिळ्याजवळच्या बारीक चिरेतून पाणी आत शिरून अडकते, लाकूड काळवंडते आणि सगळा थर खरवडून काम मुळापासून करावे लागते.

कोकण किनाऱ्यावर लाकडी होडीला माशाचे तेल चोळण्याची जुनी रीत याहून वेगळी आहे. पावसाळ्यात झापांनी शाकारलेली होडी हंगामापूर्वी उघडली जाते, तेव्हा चिंधीने तेल जिरवणाऱ्या खलाशाच्या हातांना आणि भोवतालच्या वाळूला येणारा तो उग्र दर्प परक्याला नकोसा वाटतो. त्या दर्पामागे मात्र पिढ्यांचे जाणतेपण आहे, कारण लाकडात मुरलेल्या तेलाचा पापुद्रा निघत नाही आणि फिकट पडलेल्या जागेवर पुन्हा हात फिरवला की काम भागते.

ही जाण आजही उपयोगी पडते. अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकाच्या जहाजावरून गोव्यात शिवून बांधलेली आणि 21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ हिचे सांधे काथ्या, राळ आणि तेल यांनीच बुजवले आहेत. वाडिया घराण्याने मुंबईत 1817 मध्ये मलबारी सागातून बांधलेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अजून पाण्यावर तरंगते आहे. 1817 चे ते लाकूड टिकले, यात सागाच्या स्वतःच्या तेलाचा वाटा मोठा आहे.

तेव्हा शोभेच्या, सावलीत राहणाऱ्या भागाला वार्निश खुशाल द्यावे. ऊन आणि खारे पाणी रोज झेलणाऱ्या सागाला मात्र तेलच द्यावे आणि ते दर हंगामाला न चुकता द्यावे.