अंगावरून पांढरं जाणं: नेहमीचं कोणतं, तपासायचं कोणतं?

आजचा विषय आपल्याकडे कुजबुजत बोलला जातो, आज मात्र आपण तो मोकळेपणी बोलू. समोर काही पुरुषही बसले आहेत, हे चांगलं झालं. दवाखान्यात जायचं की नाही, हे बऱ्याच घरांत बाईच्या एकटीच्या हातात नसतं.

आधी दोन गोष्टी सांगते. १९८९ साली डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. ६५० बायकांची तपासणी झाली होती. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. आणि त्याआधी तपासणी, उपचार झालेल्या किती? फक्त ८ टक्के. म्हणजे बाकीच्यांनी दुखणं अंगावर काढलं.

आता दुसरं टोक बघा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं सर्वेक्षण झालं. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पांढरं जातंय, पोट दुखतंय, पाळीत जास्त जातंय अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायका त्यांत होत्या. काही तर अगदी तरुण होत्या.

एकीकडे काहीच उपचार नाहीत, दुसरीकडे थेट ऑपरेशन. या दोन्हींतून वाचायचं तर आपलं नेहमीचं काय आणि बदललेलं काय, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

पांढरं का जातं? योनीमार्ग आणि गर्भपिशवीचं तोंड ओलसर राहावं म्हणून शरीर स्राव तयार करतं. योनीमार्गात चांगले जंतू असतात. दही लावणाऱ्या जंतूंचेच ते भाईबंद. ते तिथे आंबटपणा टिकवतात, आणि त्यामुळे वाईट जंतूंना थारा मिळत नाही. त्या आंबटपणामुळेच गडद रंगाच्या चड्डीवर फिकट डाग पडतात. तो आजार नाही.

हा स्राव महिनाभर सारखा नसतो. पाळी संपल्यावर कोरडं वाटतं. मग थोडा चिकट स्राव येतो. बीज बाहेर पडायच्या सुमारास तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, तार धरणारा होतो. नंतर पुन्हा घट्ट आणि कमी. गरोदरपणात तो वाढतो, पाळी गेल्यावर कमी होतो. वास, खाज, जळजळ नसेल तर काळजी नको.

'पांढरं गेलं की हाडं झिजतात' असं सर्रास म्हणतात. तसं होत नाही. थकवा, चक्कर, कंबरदुखी खरी असते, पण तिचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. अंगात रक्त कमी असणं, हे एक मोठं कारण. म्हणून टॉनिकच्या बाटलीआधी हिमोग्लोबिन तपासा.

मग तपासायचं कधी? दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं आणि प्रचंड खाज असेल, तर बहुधा बुरशीचा संसर्ग. तो वारंवार होत असेल तर रक्तातली साखरही बघावी लागते. पातळ, करडं, मासळीसारखा वास असेल, तर आतल्या जंतूंचा समतोल बिघडलेला असतो. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल, तर तो संबंधांतून होणारा संसर्ग असू शकतो, आणि तेव्हा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. एकटीनेच गोळ्या घेतल्या तर तो पुन्हा होतो. पण हे नुसते अंदाज बरं का. नुसत्या रंगावरून निदान होत नाही. औषधं वेगवेगळी आहेत, म्हणून शेजारणीची गोळी आपल्याला चालेलच असं नाही.

काही गोष्टींत मात्र थांबायचंच नाही. ताप आणि ओटीपोटात दुखणं. संबंधांनंतर रक्त जाणं. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, थेंबभर असलं तरी. गरोदरपणी पाणी किंवा रक्त जाणं. तासाला एक पॅड भिजत असेल, आणि असं दोन-तीन तास चाललं, तर त्याच दिवशी दवाखाना.

पाळीचाही हिशेब ठेवा. साधारण २१ ते ३५ दिवसांनी येणारी, २ ते ७ दिवस टिकणारी पाळी नेहमीची समजतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला खूण करा. बाजूला दुखलं का, जास्त गेलं का, ते लिहा. डॉक्टर पहिला प्रश्न पाळीच्या तारखेचाच विचारतात.

आतून साबण, डेटॉल, सुगंधी पाणी घालून धुऊ नका. चांगले जंतू त्यानेच मरतात. बाहेरून साधं पाणी पुरे.

आणि जायचं कुठे? प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय. जिल्हा रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे या संसर्गांची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. संकोच वाटला तर आशाताईंना बरोबर घ्या.

शेवटचं. कुणी म्हणालं 'पिशवी काढून टाका', तर घाबरून लगेच हो म्हणू नका. तीन प्रश्न विचारा. आतून तपासणी केली का, आणि काय दिसलं? औषधाने बरं होणार नाही का? पिशवी काढली तर पुढे काय त्रास होईल? उत्तरं पटली नाहीत तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. नुसतं पांढरं जातंय, एवढ्यावरून गर्भपिशवी काढावी लागत नाही. हे वाक्य घरी गेल्यावर जावेला, नणंदेला, लेकीला नक्की सांगा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. नाव लिहायची गरज नाही, चिठ्ठी पुढे पाठवली तरी चालेल.