अकरा जण गेले, काम थांबलं नाही : रडार घडवणाऱ्या प्राध्यापकाची गोष्ट

रडार म्हटलं की वर्दीतला माणूस डोळ्यांसमोर येतो. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रडारमागे राबले ते बरेचसे प्राध्यापक आणि कंपन्यांतले इंजिनिअर. बर्नार्ड लव्हेल त्यातलेच. मँचेस्टर विद्यापीठात वैश्विक किरणांवर संशोधन करणारे हे तरुण शास्त्रज्ञ १९३९ मध्ये युद्ध पेटताच गुप्त रडार-कामाला लागले.

१९४२ च्या सुरुवातीला त्यांच्याकडे ‘एचटूएस’ची जबाबदारी आली. अंधारात, ढगांवरून उडणाऱ्या बॉम्बर विमानाला खालची जमीन दिसावी, हा त्याचा उद्देश. आता दिसायचं कसं? विमानाच्या पोटाखालची फिरती अँटेना सुमारे १० सेंटिमीटरच्या रेडिओ लहरी खाली सोडायची. तिरक्या पडलेल्या लहरी पाण्यावरून पुढेच निसटतात, म्हणून नदी-समुद्र पडद्यावर काळे. भिंतींवर आपटून मात्र त्या माघारी येतात, म्हणून शहर चमकतं. पाण्याकाठचं शहर ओळखायला सगळ्यात सोपं.

या आखूड लहरी पुरेशा जोरात निर्माण करायच्या तर मॅग्नेट्रॉन हवा. तो म्हणजे पोकळ्या कोरलेला तांब्याचा ठोकळा, स्फोटकं लावूनही पुरता नष्ट न होणारा. विमान शत्रूच्या हद्दीत पडलं तर गुपित आयतंच त्याच्या हाती! त्यामुळे तो वापरायचा की नाही, यावरच वाद चालला होता.

अशात ७ जून १९४२ रोजी चाचणीला निघालेलं हॅलिफॅक्स विमान वेल्सच्या सीमेजवळ कोसळलं. इंजिनातला एक नट नीट आवळलेला नव्हता, तिथून आग लागली. अकराही जण गेले. त्यात लव्हेल यांचे सहकारी होते आणि स्टिरिओ ध्वनीचे जनक ॲलन ब्लमलाइनही. लव्हेल यांना अपघाताच्या जागी जावं लागलं. मित्रांचे मृतदेह समोर, आणि अवशेषांतून शोधायचा होता मॅग्नेट्रॉन.

शोक करायला सवड कुठली? महिन्याभरातच चर्चिल यांनी ऑक्टोबरपर्यंत दोनशे संच मागितले. एवढे संच वेळेत काही झाले नाहीत. जानेवारी १९४३ च्या अखेरीस हॅम्बुर्गवर एचटूएस पहिल्यांदा वापरलं गेलं, आणि तीनच दिवसांनी ते बसवलेलं एक विमान रॉटरडॅमजवळ पडलं. ज्याची भीती होती तेच झालं. मॅग्नेट्रॉन जर्मनांना मिळाला.

पण त्याच वसंतात ही १० सेंटिमीटरची रडार समुद्रावरच्या गस्ती विमानांत बसली. पाणबुड्यांवरच्या यंत्रांना या लहरींचा सुगावाच लागत नव्हता, त्यामुळे रात्री पृष्ठभागावर आलेली पाणबुडी बेसावध सापडू लागली. दुसरी बाजूही सांगायला हवी. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्ग जळालं, हजारो सामान्य माणसं मेली. तेव्हा विमानांना वाट दाखवणाऱ्यांत एचटूएसही होतं.

युद्ध संपल्यावर लव्हेल लष्कराचं जुनं रडार घेऊन मँचेस्टरला परतले. तिथं ट्रामच्या विजेचा गोंगाट फार, म्हणून डिसेंबर १९४५ मध्ये त्यांनी ते शहराबाहेर जॉड्रेल बँकला नेलं. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची ती जागा होती. शोधायचे होते वैश्विक किरणांचे प्रतिध्वनी. सापडल्या त्या उल्का.